गोव्यातली स्वावलंबी सायकल शर्यत: नियम कसे लिहायचे?

तिसवाडीकर
मंडळी, पुढच्या जानेवारीसाठी गोव्याच्या आतच फिरणारी, साधारण ४०० किलोमीटरची स्वावलंबी शर्यत आखायचं चाललं आहे. रायबंदर, चोडण, डिचोली, केरी, वाळपई, मोले, सांगे, नेत्रावळी, काणकोण, बेतूल आणि परत. प्रवेश शुल्क नाही, बक्षीस नाही, मागे गाडी नाही. वेळमर्यादा ४० तास. मार्गाची जीपीएस फाईल होत आली आहे. अडलंय ते नियमांपाशी.

मूळ तत्त्व सगळ्यांना ठाऊक आहे. माइक हॉल यांनी २०१३ मध्ये युरोप आरपार जाणारी ट्रान्सकॉन्टिनेंटल शर्यत सुरू केली तेव्हा नियमावली मुद्दाम आटोपशीर ठेवली: स्वतःच्या बळावर चालवा, तिसऱ्याची मदत नको, कुणाच्या मागे वारा चुकवत, म्हणजे आडोशाने, चालवू नका, जे लागेल ते सोबत न्या किंवा सर्वांना खुल्या असलेल्या दुकानातून विकत घ्या. कॅनडातल्या बॅन्फपासून न्यू मेक्सिकोच्या सीमेपर्यंत जाणारी टूर डिव्हाइड सुमारे ४,४०० किलोमीटरची, तिचाही गाभा हाच.

पण तिथे स्पर्धक अनोळखी मुलखातून जातो. आपलं राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं. पेडण्याच्या माणसाची मावशी सांग्यात असते, मेव्हणा काणकोणात, शाळासोबती फोंड्याच्या सायकलच्या दुकानात. ‘तिसऱ्याची मदत नको’ एवढं एक वाक्य लिहून गोव्यात भागणार नाही. फेरीबोट, नातेवाईक, देवळं, ओळखीचा दुकानदार, यूपीआय, ट्रॅकर (स्पर्धक कुठे आहे ते दाखवणारं यंत्र) या प्रत्येकावर नेमकं वाक्य हवं. जाणत्यांनी लिहावं.

रँदोनर_मडगाव
तिसवाडीकरबाब, आधी एक गोष्ट नियमांच्या पहिल्या परिच्छेदात घाला. तुमच्याकडे येणारे निम्मे लोक ब्रेव्हेमधून, म्हणजे ठरल्या वेळेत लांब अंतर पुरं करायच्या सायकल सफरींतून, येतील आणि तिथल्या सवयी घेऊन येतील.

ब्रेव्हे ही शर्यत नसते. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. वेळेत आलात की झालं, क्रमांक लावत नाहीत. एकामागे एक घोळक्यात चालवायला पूर्ण मुभा. घरच्यांनी कंट्रोलवर (वाटेतल्या नोंदणीच्या ठिकाणी) येऊन डबा दिला तरी चालतं, फक्त दोन कंट्रोलच्या मधे मदत घ्यायची नाही.

दुसऱ्या टोकाला रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे ‘रॅम’. २०१५ मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी जोडीने आणि २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ व अमित समर्थ यांनी एकट्याने ती पूर्ण केली, तेव्हापासून मराठी घरांत ‘लांब पल्ला’ म्हटलं की मागे गाडी, गाडीत डॉक्टर आणि मेकॅनिक हेच चित्र उभं राहतं. रॅमची पात्रता फेरी असलेली डेक्कन क्लिफहँगर पुण्याहून आपल्याच दारात संपते, तिथेही लोकांनी पथकाच्या गाड्या पाहिल्या आहेत.

म्हणून स्पष्ट लिहा: ‘ही ब्रेव्हे नाही, घोळक्याने चालवायचं नाही. ही पथकाची शर्यतही नाही, तुमच्यासाठी रस्त्यावर कुणी थांबायचं नाही.’ ही दोन वाक्यं वाचून ज्यांना नको वाटेल ते घरी बसतील, आणि शर्यतीनंतरची निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

काणकोणकरीण
प्रत्येक प्रसंगासाठी वेगळा नियम लिहायला गेलात तर पुस्तक होईल. एकच कसोटी द्या आणि तिची दहा उदाहरणं द्या.

कसोटी अशी: हीच वस्तू, याच वेळी, याच भावात, मला न ओळखणाऱ्या कुठल्याही स्पर्धकाला मिळाली असती का? हो असेल तर घ्या. नाही असेल तर सोडा.

आता लावून पाहा. पहाटे भोंगा वाजवत सायकलवरून पाव विकणारा पदेर भेटला, त्याच्याकडून चार पोयी घेतल्या. चालेल. तो वाटेत भेटेल त्याला विकतो. गाड्यावर रोस-ऑमलेट खाल्लं, चालेल. गाडा बंद करून निघालेल्या माणसाने ‘आमच्या गावचा पोर’ म्हणून पुन्हा शेगडी पेटवली, तर चालणार नाही. तहान लागली म्हणून रस्त्यालगतच्या घरी पाणी मागितलं आणि बाईने तांब्याभर दिलं, चालेल. आपल्याकडे पाण्याला कुणी कुणाला नाही म्हणत नाही. त्याच घरी पेज नि खारं वाढलं तर? घर अनोळखी असेल आणि काही ठरवून झालेलं नसेल तर मी ते मान्य करीन. घर ओळखीचं असेल तर नाही.

देवस्थानांकडे लोकांचं लक्ष जात नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. उत्सवाचा महाप्रसाद पंगतीला बसेल त्याला मिळतो, तो कसोटीत बसतो. अग्रशाळेची, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेची, खोली मात्र प्रत्येक ठिकाणी विचारावी लागेल. ज्या देवस्थानात खोली कुणालाही पावती फाडून मिळते तिथे हरकत नाही. जिथे ती फक्त महाजन (देवस्थानाचे हक्कदार) आणि कुळाव्यांसाठी (तो कुलदेव असलेल्या घराण्यांसाठी) राखलेली आहे, तिथे तुम्ही स्वतः महाजन असलात तरी शर्यतीच्या दिवशी ती घ्यायची नाही. तुमच्या मागून येणाऱ्या म्हापशाच्या फर्नांडिसला किंवा बेळगावच्या मुलीला ती मिळणार नाही.

नवशिका_म्हापसा
ताई, मावशीचं घर अगदी मार्गावर असेल आणि ती अंगणात उभी राहून नुसता हात हलवणार असेल तर?

काणकोणकरीण
हात हलवू दे. थांबून दोन शब्द बोलायलाही हरकत नाही. तिच्या हातून काहीही घ्यायचं नाही, तिच्या घरात शिरायचं नाही, तिच्याकडे काही ठेवायचं नाही. ओला जर्सी वाळत टाकणं किंवा ‘हे जॅकेट राहू दे, नंतर नेतो’ म्हणणं हीसुद्धा मदतच आहे. वजन कमी झालं ना! जे घेऊन निघालात ते घेऊनच पोचायचं, किंवा कुरिअरने पैसे भरून घरी पाठवायचं.

फोंड्याचा_पाना
दुरुस्तीबद्दल लिहितो. खरी कसोटी तिथे लागते. भुकेला माणूस दहा किलोमीटर रेटतो, पण हँगर (मागचं गियर फ्रेमला धरणारा तुकडा) मोडलेली सायकल जागची हलत नाही.

आधी काय मोडतं ते पाहा. उसगाव, डिचोली, साखळी पट्ट्यात खनिजाच्या गाड्यांची लाल धूळ असते. ती ओल्या तेलावर चिकटते आणि चेनवर पॉलिश पेपर घासल्यासारखी झीज होते. जानेवारीत मेणाचं किंवा कोरडं वंगण घालूनच निघा, सोबत छोटी बाटली ठेवा. सायकल उजव्या कुशीवर पडली की मागच्या गियरचा हँगर वाकतो. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा. दुसऱ्याचा बसत नाही आणि गोव्यातल्या दुकानात तुमचा असेलच याची खात्री नाही. म्हणून स्वतःच्या सायकलचा एक जादा हँगर न्यायलाच हवा, वजन फार तर २०–३० ग्रॅम.

त्याशिवाय दोन ट्यूब, टायर फाटला तर आतून लावायला तुकडा, ट्यूबलेस असेल तर पाच-सहा प्लग आणि ६० मिलि सीलंट, तुमच्याच स्पीडचे दोन चेन-जोड, चेन तोडायची पिन असलेला मल्टिटूल, ४, ५, ६ मिमी अॅलन की आणि डिस्कसाठी टी-२५, डिस्क पॅडचा एक जोड, क्लीटचे (बूट पेडलला अडकवणाऱ्या तुकड्याचे) दोन स्क्रू, झिप टाय, पंप. हवा भरायच्या नुसत्या गॅस काडतुसावर विसंबू नका. दोन पंक्चरनंतर काडतूस संपतं, आणि मग जो पंप मागायला जातो तो नियम मोडायला जातो.

आता नियम. दुसऱ्या स्पर्धकाकडून ट्यूब घेणं चालेल का? शर्यतीशर्यतीत फरक आहे. माझं मत: एकट्याच्या गटात नाही, जोडीच्या गटात आपल्या जोडीदाराकडून हो. कारण सरळ आहे. ज्याने एकच ट्यूब नेली त्याने वजन वाचवलं, आणि ज्याने तीन नेल्या त्याच्या वजनावर तो पुढे गेला.

दुकान पाटीवरच्या वेळेत उघडं असेल तर कुठलंही काम करून घ्या. वेळेनंतर दुकानदाराला उठवायचं असेल तर शटरवर लिहिलेल्या नंबरवर फोन करा, तो येतो म्हणाला तर घ्या. तुमच्या मोबाईलमध्ये आधीपासून असलेल्या त्याच्या खासगी नंबरवर नाही. आणि बिल घ्या. बिलावर वेळ आणि रक्कम असली की पुढचा वाद राहत नाही. मित्र म्हणून फुकट काम करून घेतलंत तर ते कसोटीत नापास.

सायकल चालतच नसेल तर रिक्षा किंवा टेंपो करून दुकानात जायला मुभा हवी, पण जिथे मार्ग सोडला त्याच जागी परत यायचं. शंभर मीटर पुढेही नाही. जागा ठरवायला सायकल-कॉम्प्युटरवर लॅप दाबा आणि जवळच्या मैलाच्या दगडाचा किंवा विजेच्या खांबावरच्या क्रमांकाचा फोटो काढा. घड्याळ चालूच राहील.

रँदोनर_मडगाव
ट्यूबच्या बाबतीत पाना दादांशी थोडा मतभेद. नेत्रावळीच्या जंगलात रात्री एखादी मुलगी पंक्चर होऊन उभी असेल तर तिला ट्यूब न देता पुढे जाणारा स्पर्धक मला नकोच. सुरक्षेसाठी दिलेली मदत देणाऱ्याला कधीच दंड नको. घेणारीने स्वतः कळवावं, आणि तिची नोंद ‘पूर्ण केली, क्रमांकाबाहेर’ अशी व्हावी.

फोंड्याचा_पाना
मान्य. देणाऱ्याला दंड नाही हे वाक्य ठळक अक्षरात घाला.

धक्क्यावरचा
फेरीबोटीबद्दल. युरोपातल्या शर्यतींत वेळापत्रकावर चालणाऱ्या सार्वजनिक बोटी धरल्या जातात आणि घड्याळ थांबत नाही. आपल्याकडे तेच ठेवलं तरी तीन अडचणी येतील.

पहिली. सुरुवात रायबंदरच्या धक्क्यावर केलीत तर ३०–४० सायकली, शिवाय सकाळच्या कामावर जाणारे लोक आणि त्यांच्या दुचाक्या. सगळे एका फेरीत मावणार नाहीत. पहिल्या बोटीत कोण शिरलं यावर पहिल्या तासाचा क्रमांक ठरेल. म्हणून हजेरी रायबंदरला घ्या, सगळ्यांना सावकाश पलीकडे नेऊन सुरुवात चोडणच्या बाजूने करा. धक्क्यापासून सलीम अली पक्षी अभयारण्य लगेच लागतं, तिथे सकाळी गोंगाट नको हेही सांगून ठेवा.

दुसरी. तुमच्या फाईलीत परतताना रासई–दुर्भाट बोट दिसते. शेवटच्या टप्प्यात दोघे दोन मिनिटांच्या अंतराने आले, एकाला बोट मिळाली, दुसऱ्याची सुटली. शेवटचा निकाल बोटवाल्याच्या हातात गेला.

तिसरी, ओहोटीची. पाणी उतरलं की धक्क्याचा खालचा उतार शेवाळाने निसरडा असतो. क्लीट घालून सायकल हातात धरून उतरणं धोक्याचं. रात्री तर नकोच.

आणि एक पळवाट आत्ताच बुजवा: खासगी होडी भाड्याने करून नदी ओलांडायची नाही. पैसे मोजले तरी ती वेळापत्रकावरची सार्वजनिक सेवा नव्हे.

रँदोनर_मडगाव
बोटीच्या वेळेपुरतं घड्याळ थांबवा ना. या काठावरची वेळ आणि त्या काठावरची वेळ ट्रॅकरमध्ये येतेच, वजा करायची.

काणकोणकरीण
तसं केलंत तर लोक धक्क्यावर फुकटची झोप काढतील. दोन बोटी सोडून देऊन तासभर आडवं पडायचं आणि ताजंतवानं होऊन पलीकडे उतरायचं, घड्याळात शून्य. घड्याळ कुठेच थांबता कामा नये. एकदा थांबवलं की फाटक, ट्रॅफिक, पंक्चर सगळ्यांसाठी थांबवायची मागणी येते.

तिसवाडीकर
रासईची बोट काढतो. परतीचा मार्ग बोरी पुलावरून घेतो. अंतर थोडं वाढेल, रहदारीही आहे, पण निकाल नशिबावर राहणार नाही. चोडणची बोट सुरुवातीच्या आधी, सगळ्यांसाठी सारखी. घड्याळ त्यानंतर सुरू, आणि शेवटपर्यंत थांबणार नाही.

वाटखूण
पणजीच्या जवळची एक चूक फाईलमध्ये अजून आहे. शेवटचा तुकडा अटल सेतूवरून दाखवतो. त्या पुलावर दुचाकींना बंदी आहे. संगणकाने आखलेला मार्ग ‘जवळचा’ म्हणून तिथे नेतो आणि थकलेला माणूस रेषेमागे जातो. एकाला पोलिसांनी अडवलं आणि दुसरा निसटला, तर अन्याय आणि धोका दोन्ही. जुन्या पुलाने वळवा. मार्गातला प्रत्येक मीटर सायकलला कायद्याने खुला आहे ही आयोजकांची जबाबदारी. ती स्पर्धकांवर ढकलू नका.

फाईल देताना बिंदू फार कमी करू नका. काही संकेतस्थळं निर्यात करताना ४०० किलोमीटरला पाचशेच बिंदू ठेवतात, मग घाटाची वळणं सरळ कापली जातात आणि प्रत्येक वळणावर ‘मार्ग सोडला’ अशी शिट्टी वाजते. दर १०–१५ मीटरला एक बिंदू राहू द्या, आणि जुन्या यंत्रांसाठी फाईल १०० किलोमीटरच्या चार तुकड्यांतही द्या. शर्यतीच्या सात दिवस आधी फाईल गोठवा. त्यानंतर बदल झालाच तर सगळ्यांना एकाच वेळी, एकाच संदेशाने.

रस्ता अचानक खणलेला निघाला तर: फोटो काढा, सर्वांत जवळच्या वैध रस्त्याने वळा, अडथळ्यानंतर मूळ मार्गाला मिळणाऱ्या पहिल्याच जागी परत या. आधी जे निघून गेले त्यांना काही भरपाई नाही, नंतर अडकले त्यांनाही नाही.

ठिपका
ट्रॅकरबद्दल, आणि हे सर्वांत काळजीपूर्वक वाचा. परदेशातल्या शर्यतींत उपग्रहावर चालणारी स्पॉट किंवा इनरीचसारखी यंत्रं सर्रास वापरतात. भारतात परवान्याशिवाय उपग्रह संपर्क यंत्र बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याच दाबोळी विमानतळावर अशा यंत्रावरून परदेशी प्रवाशाला अडवून कारवाई झाली. बाहेरून येणाऱ्या स्पर्धकांना ‘सोबत आणू नका’ असं इंग्रजीतही कळवा. अनेकांना ते साधं सुरक्षेचं साधन वाटतं आणि ते सहज बॅगेत घालून येतात.

आपल्याला सिमकार्डवर चालणारे ट्रॅकरच वापरावे लागतील. पाच मिनिटांना एक ठिपका पुरे. नेत्रावळीच्या आणि केरीच्या वरच्या भागात नेटवर्क जातं, म्हणून असा ट्रॅकर घ्या जो नेटवर्क नसताना ठिपके स्वतःकडे साठवतो आणि नेटवर्क आलं की पाठवतो. जे साठवत नाहीत त्यांच्यात ठिपका तासभर एका जागी दिसतो, मग एकदम २० किलोमीटर पुढे उडी मारतो, आणि बघणारे लगेच ‘गाडीत बसला’ म्हणून ओरड करतात.

म्हणून निकालासाठी दुसरा पुरावा लागतोच: सायकल-कॉम्प्युटरची मूळ फिट फाईल (यंत्र स्वतः करतं ती नोंद). जीपीएक्स, म्हणजे साध्या मजकुरातली मार्गाची फाईल, नको, ती नोटपॅडमध्येही बदलता येते. फिट फाईलमध्ये वेग, उंची, पेडलचे फेरे, हृदयाचे ठोके एकत्र असतात. चढावर ताशी ३५ चा वेग आणि पेडलचे फेरे शून्य दिसले की वेगळं सांगावं लागत नाही. यंत्रात दोन गोष्टी बदला: आपोआप थांबणं बंद करा, आणि नोंद दर सेकंदाला ठेवा. आपोआप थांबणं चालू असेल तर चालवण्याचीच वेळ मोजली जाते, आणि कुठे किती थांबलात हे फाईल पाहताना निसटतं.

४० तास यंत्र चालवायला १०,००० एमएएचची एक पॉवर बँक कमी पडेल. दिवा, फोन, कॉम्प्युटर मिळून दोन लागतात, किंवा डायनॅमो हब (चाक फिरताना वीज करणारा आस). फाईल हरवली तर बिलं आणि वेळेचा शिक्का असलेले फोटो ग्राह्य धरा, पण सलग तीन तासांहून मोठी पोकळी असेल तर क्रमांक नाही.

नवशिका_म्हापसा
घरचे ठिपका बघून फोनवर ‘पुढचा फक्त चार किलोमीटरवर आहे, झोपलाय वाटतं’ असं सांगतील. हे चालतं का?

ठिपका
ठिपके सर्वांना दिसतात, स्पर्धक स्वतःही फोन उघडून पाहू शकतो. म्हणून ते सांगणं मी अडवणार नाही. पण घरच्यांनी तुमच्यासाठी हॉटेल शोधून बुक करणं, उघडं दुकान फोन करून विचारणं, रस्ता चुकलात तर वळवून आणणं हे सगळं तिसऱ्याची मदत. तुमच्या फोनवर तुम्ही, तुमच्या बोटांनी.

काणकोणकरीण
यूपीआयही याच खात्यात घ्या. फोन बंद पडला आणि हॉटेलवाल्याला घरून कुणी पैसे पाठवले, तर ते तुमचं जेवण दुसऱ्याने विकत घेतलं. म्हणून दोन हजार रुपये रोख, त्यातले पाचशे सुट्टे, हे सक्तीच्या सामानात लिहा. रोख संपली तर दुकानदाराला यूपीआय करून त्याच्याकडून नोटा घेणं चालेल, कोणीही करू शकतो.

जेवण पोचवणारी अॅप पणजी, म्हापसा, मडगावाबाहेर फारशी कामाची नाहीत. ती सरळ बंद करा: रस्त्यावर उभं राहून काहीही मागवायचं नाही, दुकानापर्यंत स्वतः जायचं.

दुकानांच्या वेळा बाहेरच्यांना माहीत नसतात, त्या मार्गपत्रिकेत छापा. खेड्यात दुपारी एक ते चार बहुतेक शटर खाली असतात, रविवारी त्याहून जास्त. सांग्याहून पुढे निघताना तीन लिटर पाणी भरून निघा. स्थानिकाला हे जन्मापासून ठाऊक असतं, नागपूरहून आलेल्याला नसतं. ही माहिती सगळ्यांच्या हातात सारखी देणं हीसुद्धा न्यायाचीच गोष्ट आहे.

घाटपायथा
आडोशाबद्दल नेमकं लिहा. ताशी ३० च्या वेगात पुढच्याच्या चाकामागे चिकटून चालवलं तर एक चतुर्थांशाहून जास्त श्रम वाचतात. म्हणून ‘साधारण जवळ नको’ असं मोघम नको. पुढच्याच्या मागच्या चाकापासून तुमच्या पुढच्या चाकापर्यंत किमान १५ मीटर, म्हणजे साधारण एका मोठ्या बसचं अंतर आणि थोडं. ओलांडायचं तर एका मिनिटात ओलांडा, ज्याला मागे टाकलं त्याने अंतर पुन्हा वाढवायचं. चढावर ताशी १० च्या खाली आडोशाचा फायदा नगण्य, तिथे शेजारी बोलत चढायला मनाई नको, रस्ता रुंद असेल तर. महामार्गावर ट्रकच्या मागे चिकटणं थेट बाद. ते न्यायाआधी जिवाचं आहे.

चित्रीकरणाचाही एक नियम हवा. २०१९ च्या टूर डिव्हाइडमध्ये लेल विलकॉक्स यांच्यासोबत चित्रपथक असावं का यावर स्पर्धकांतच मोठा वाद झाला. २०२३ मध्ये लॅकलन मॉर्टन यांनी तोच मार्ग साडेबारा दिवसांत, आधीच्या विक्रमाहून लवकर पार केला, पण चित्रपथक सोबत असल्याने ती वेळ विक्रमात धरली गेली नाही. पथकाने पाण्याचा घोटही दिला नाही तरी रात्री एकट्याच्या रस्त्यावर ओळखीच्या गाडीचे दिवे दिसणं हा आधारच. आपल्याकडे हे स्कूटरवरचे भाऊ आणि मित्र करतील. माझी सूचना: एकाच स्पर्धकाला एकाच व्यक्तीने मार्गावर दोनदाच भेटायचं, तेही गावात, अंधार पडल्यावर नाही.

वाटखूण
झोपण्याच्या जागांवर एक सक्त ओळ: मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर कुणीही पथारी टाकायची नाही. जानेवारी म्हणजे तिथे कासवं अंडी घालायचा मोसम, हेडलॅम्पच्या उजेडाने मादी परत फिरते. अभयारण्यांच्या हद्दीतही झोपायचं नाही, आणि जंगलातले रस्ते अंधारात लागू नयेत अशी सुरुवातीची वेळ ठरवा. चोडणहून सकाळी सातला सोडलंत तर वेगवान लोक मोले दुपारीच पार करतील, पण मागचे नेत्रावळीला रात्री पोचतील. त्यांना सांग्यात रात्री आठ ते सकाळी सहा थांबवा. पुढे गेलेल्यांना ते थांबणं लागणार नाही, हे आधीच जाहीर करा. वेगाचं बक्षीस म्हणा हवं तर.

रँदोनर_मडगाव
झोपेवर मात्र मी याहून कडक आहे. माइक हॉल ३१ मार्च २०१७ च्या पहाटे अंधारात, ऑस्ट्रेलियातल्या इंडियन पॅसिफिक शर्यतीत कॅनबेराजवळ मोटारीच्या धडकेत गेले. या खेळाची घडी ज्याने बसवली तो माणूस रस्त्यावर गेला. जानेवारीत आपल्याकडे जवळपास बारा तास अंधार. परावर्तक जाकीट आणि दोन्ही घोट्यांना परावर्तक पट्टे संध्याकाळी सहापासून सकाळी सातपर्यंत अंगावर हवेत. मागे दोन लाल दिवे, एक सायकलला, एक हेल्मेटला, दोन्ही स्थिर जळणारे. घोट्याचे पट्टे वरखाली हलतात म्हणून मागच्या चालकाला ‘सायकल आहे’ हे लांबून कळतं, नुसत्या दिव्याने अंतराचा अंदाज येत नाही. दिवा नसताना दिसला की तिथल्या तिथे थांबवा. इथे ताकीद वगैरे नको.

फोंड्याचा_पाना
शिक्षा कोण आणि कशी देणार?

घाटपायथा
तीन जणांची समिती, तिघेही त्या वर्षी न चालवणारे. आडोसा पहिल्यांदा एक तास, दुसऱ्यांदा क्रमांकाबाहेर. मार्ग कापला तर परत जाऊन पुरा करायचा, नाहीतर क्रमांकाबाहेर. गाडीत बसून पुढे गेलं तर थेट बाद. स्वतःहून कबूल केलं तर अर्धा दंड. हरकती शेवटचा स्पर्धक आल्यापासून ४८ तासांत, लेखी, पुराव्यासह. सोशल मीडियावर आधी आरोप करणाऱ्याची हरकत घ्यायची नाही.

काणकोणकरीण
‘क्रमांकाबाहेर’ आणि ‘बाद’ हे वेगळे ठेवलेत ते चांगलं. मावशीकडे जेवलेला माणूस ४०० किलोमीटर चालवूनच आला आहे, त्याचं पूर्ण करणं पुसू नका. फक्त यादीत वर-खाली लावू नका.

तिसवाडीकर
मसुदा बदलला. कसोटी पहिल्या ओळीत, ‘सुरक्षेसाठी मदत देणाऱ्याला दंड नाही’ तिच्या लगेच खाली. बोरी पूल, जुना मांडवी पूल, चोडणहून सकाळी सात, सांग्यात रात्रीचा थांबा हे फाईलमध्ये आणि मार्गपत्रिकेत दोन्हीकडे घातलं. माघार घेऊन आगगाडीने परतणाऱ्यांसाठी काणकोण, मडगाव आणि करमळी ही कोकण रेल्वेची स्थानकं नकाशावर दाखवली आहेत. माघार घेतली की साध्या एसएमएसने कळवायचं, इंटरनेटवर विसंबायचं नाही, जंगलात एसएमएस जातो तिथे व्हॉट्सअॅप जात नाही.

एक राहिलं: जोडीच्या गटात एकाने माघार घेतली तर दुसऱ्याला पुढे एकट्याच्या गटात धरलं जावं का? तोवर तो जोडीदाराच्या आडोशाने आलेला असतो.

घाटपायथा
नाही. पुढे चालवू दे, वेळ लिहा, पण एकट्यांच्या यादीत नको. आणि दोघांचं सामान वाटून घेतलेलं असतं, तेव्हा माघार घेणाऱ्याने पंप आणि हत्यारं दुसऱ्याच्या हवाली केल्याशिवाय निघायचं नाही, हेही लिहा.